टर्बो गाडीच्या पोटात जाणारी हवा: इंटरकूलर बदलण्याचा अनुभव

उन्हाळ्यात गाडी ओढत नाही, ही तक्रार टर्बो पेट्रोल गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी कधी ना कधी येते. तिचे खापर सहसा पेट्रोलच्या प्रतीवर, जुन्या स्पार्क प्लगवर किंवा मेकॅनिकच्या हातावर फोडले जाते. माझ्या गाडीत मात्र त्या तक्रारीचे मूळ इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानात सापडले, आणि ते तापमान उतरवण्यासाठी जो खटाटोप केला त्याची ही हकिगत आहे. इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारी जाळी, मोठा केला की अमुक इतकी अश्वशक्ती वाढते, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मोजमापात तसे काही दिसले नाही. जे मिळाले ते माझ्या दृष्टीने त्याहून उपयोगाचे होते: कागदावर लिहिलेली ताकद भर उन्हात, भरल्या गाडीनिशी, चढावर सलग मिळत राहिली.

गाडी २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.८ लिटर टीएसआय इंजिनाची आणि सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची. १८० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हे तिचे अधिकृत आकडे आहेत. यांतला टॉर्कचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची क्षमताच २५० न्यूटन मीटर इतकी आहे आणि त्यामुळे इंजिन अधिक देऊ शकत असले तरी ते तेवढ्यावरच रोखून धरलेले आहे. ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवण्याचा मार्ग मी याच कारणासाठी विचारात घेतला नाही. गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च इंटरकूलरच्या कितीतरी पट आहे. पुण्याहून साताऱ्याकडे खंबाटकीचा घाट चढून जायचे, सुरूरला महामार्ग सोडून वाई गाठायची आणि पुढे पसरणीच्या घाटाने पाचगणीला पोहोचायचे, हा आमचा नेहमीचा रस्ता आहे. वाईपासून पाचगणी सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि ही उंची थोड्याच किलोमीटरांत, वळणावळणांनी गाठावी लागते. पावसाळ्यात हीच गाडी हा घाट हसतखेळत चढायची, आणि एप्रिलच्या दुपारी, पाच माणसे व सामान घेऊन निघाले की वळणातून बाहेर पडताना पाय दाबूनही तिला जोर यायला वेळ लागायचा.

यामागचे गणित अवघड नाही. इंजिन किती पेट्रोल जाळू शकते हे सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा भरते यावर ठरते, आणि दाब तोच असेल तर हवा जितकी गरम तितकी ती विरळ. साध्या हिशेबाने इंजिनाच्या तोंडाशी असलेली हवा १० अंश सेल्सिअसने थंड झाली तर तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. टर्बोच्या इंजिनात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तोच हा प्रकार. बाहेर ४० अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला आणि टर्बोच्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० ते ८० टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सव्वाशे ते एकशे चाळीस अंशांच्या घरात असते. एवढी तापलेली हवा थेट सिलिंडरमध्ये पाठवली तर दाब वाढवून कमावलेले बरेचसे उष्णतेत गमावल्यासारखे होते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये एक रेडिएटरसारखी जाळी बसवलेली असते, तिच्या आतून ही दाबलेली हवा जाते आणि बाहेरून गाडीच्या पुढ्यातला वारा. हाच इंटरकूलर. पोर्शने १९७८ साली ९११ टर्बोला ३.३ लिटरचे इंजिन देताना मागच्या पंखाखाली हा इंटरकूलर बसवला होता. आपल्याकडे जुन्या तीन लिटरच्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जे तोंड दिसते, तेही इंजिनाच्या माथ्यावरच्या इंटरकूलरला वारा मिळावा म्हणूनच आहे.

गरम हवेचा दुसरा दुष्परिणाम घनतेपेक्षाही जास्त जाचक आहे. सिलिंडरमधले मिश्रण आधीच तापलेले असेल तर ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावरचा सेन्सर तो ठोका ऐकतो आणि ईसीयू ठिणगी पाडण्याची वेळ मागे सरकवतो. इंजिन सुरक्षित राहते, पण ज्वलनाचा दाब पिस्टनवर उशिरा पडतो आणि टॉर्क कमी होतो. आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असेल तर ही माघार लवकर सुरू होते. यावर कडी म्हणजे आधुनिक ईसीयू ठरावीक टॉर्क गाठण्यासाठी धडपडत असतो; हवा विरळ झाली की तो टर्बोकडून अधिक दाब मागतो, अधिक दाबाने हवा आणखी तापते, आणि हे चक्र टर्बोच्या मर्यादेपर्यंत चालू राहते.

इतके कळले तरी माझ्या गाडीत नेमके हेच घडते आहे की नाही, हे मोजल्याशिवाय सांगता येत नव्हते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला, लावायचे एक ब्लूटूथ उपकरण बाजारात सहज मिळते. ते मोबाइलला जोडून मी बाहेरच्या हवेचे तापमान, इंटरकूलरनंतरचे म्हणजे इनटेक मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यावरच्या) सेन्सरचे तापमान, टर्बोचा दाब आणि ठिणगीची माघार या चार गोष्टींची नोंद ठेवू लागलो. मोबाइलकडे पाहण्याचे काम शेजारी बसणाऱ्याचे; नोंद आपोआप साठते आणि घरी येऊन निवांत वाचता येते. ज्याला या वाटेने जायचे असेल त्याने पहिला खर्च या उपकरणावर करावा असे मला ठामपणे वाटते, कारण गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या निम्म्याअधिक सल्ल्यांचा निकाल ते परस्पर लावते.

सपाट महामार्गावर ८०-९० च्या वेगाने जाताना मॅनिफोल्डचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दहा-बारा अंशांनी जास्त असायचे, म्हणजे इंटरकूलर आपले काम नीट करत होता. खंबाटकीत ट्रकांच्या मागे रांगताना चित्र बदलायचे. बाहेर ३९ अंश असताना आकडा ६० च्या पुढे सरकायचा, आणि पसरणीच्या घाटात वरच्या वळणांपर्यंत तो ६८ अंशांवर गेलेला नोंदीत दिसतो. त्याच ठिकाणी ठिणगी चार ते सहा अंश (हे तापमानाचे नव्हे, क्रॅंकशाफ्टच्या फिरण्याचे अंश) मागे घेतली जात होती. घाटात इंटरकूलरची दोन्ही बाजूंनी कोंडी होते: इंजिनावर भार पूर्ण, म्हणजे आतून गरम हवेचा लोंढा मोठा, आणि गाडीचा वेग तीस-चाळीसचा, म्हणजे बाहेरून वारा तोकडा.

नोंदी वाचताना एक गोष्ट अनपेक्षितपणे ठळक झाली. एसी बंद केला की काही मिनिटांत मॅनिफोल्डचे तापमान सहा-सात अंशांनी उतरत होते. एसीचा कंप्रेसर इंजिनाची थोडी ताकद खातो हे सगळ्यांनाच माहीत असते, पण त्याने इंटरकूलर का तापावा? उत्तर गाडीच्या पुढच्या रचनेत होते. या गाडीत सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे इंटरकूलर आणि त्याच्याही मागे इंजिनाचा रेडिएटर, अशी तीन जाळ्यांची थप्पी आहे. कंडेन्सरचे कामच गाडीतली उष्णता बाहेर टाकण्याचे, आणि ती ज्या वाऱ्यात टाकली जाते तोच वारा पुढे इंटरकूलरच्या वाट्याला येतो. म्हणजे हवामान खाते ३९ अंश म्हणत असले तरी इंटरकूलरच्या लेखी बाहेरचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. हवेने हवा थंड करणारा इंटरकूलर आपल्यावर येणाऱ्या वाऱ्यापेक्षा खाली कधीच जाऊ शकत नाही, ही त्याची मूलभूत मर्यादा आहे. ती ओलांडायची तर पाणी, बर्फ किंवा एसीचा गॅस यांची मदत घ्यावी लागते. अमेरिकेतल्या २०१८ च्या डॉज डिमनमध्ये ड्रॅग शर्यतीपुरता एसीचा थंडावा इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवण्याची सोय दिलेली आहे. मला तसे काही करायचे नव्हते. सर्वांत स्वस्त उपाय घाटात एसी बंद करण्याचा होता, पण एप्रिलच्या दुपारी मागच्या सीटवर आई आणि दोन मुले असताना तो सुचवून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

याच काळात ओळखीच्या एका गॅरेजमध्ये मला मूळ एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवण्याचा सल्ला मिळाला. त्याने इंजिनाचा आवाज भारदस्त होतो हे खरे. परंतु मूळ डब्याला हवा बॉनेटच्या पुढच्या कडेखालून, बाहेरून येते. उघडा फिल्टर बॉनेटच्या आतली, रेडिएटर आणि टर्बोच्या झळांनी तापलेली हवा ओढतो. टर्बोत शिरणारी हवा ४० ऐवजी ६० अंशांची असेल तर बाहेर पडणारी त्याच प्रमाणात, किंबहुना थोडी अधिकच तापते. फिल्टरला हवा बाहेरून आणून देणारी बंदिस्त वाट असेल तरच त्या खर्चाला अर्थ आहे, आणि ती माझ्या गाडीत कारखान्यातूनच होती. तो विषय मी तिथेच सोडला.

खरे काम सुरू झाले ते पुढचा बंपर उतरवल्यावर. ज्या मेकॅनिककडे मी गाडी नेतो तो या गाड्यांची नस जाणतो. त्याने बंपर काढला, आतली आडवी धातूची पट्टी सोडवली आणि टॉर्च मारून म्हणाला, "दादा, नवीन जाळी नंतर बघू, आधी हे बघा." कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, गवताचे तुकडे आणि सुकलेला चिखल यांचा जाड थर बसला होता. बाहेरून पाणी मारून धुतलेली गाडी कितीही लखलखीत दिसली तरी या फटीपर्यंत पाणी पोहोचत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. बंपरच्या जाळीपासून या थप्पीपर्यंत वारा आणून सोडणाऱ्या प्लास्टिकच्या दोन उभ्या भिंती मूळ गाडीत असतात, आणि माझ्या गाडीत त्यांतली एक नव्हतीच. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी बंपरचे काम झालेले होते आणि ते करणाऱ्याने ती पुन्हा बसवली नव्हती. वारा नेहमी सोपी वाट शोधतो. दाट जाळीतून जाण्याऐवजी तो बाजूच्या मोकळ्या जागेतून चाकाकडे निघून जात होता.

तिन्ही जाळ्या एकमेकींपासून थोड्या अलग करून मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतल्या. जास्त दाबाच्या पाण्याने जाळीचे पातळ पंख वाकतात आणि मग वारा कायमचा अडतो. वाकलेले पंख मेकॅनिकने छोट्या कंगव्याने सरळ केले. सुटा भाग म्हणून प्लास्टिकची भिंत मागवली, आणि जाळ्यांच्या कडेने जिथे जिथे उजेड दिसत होता तिथे उष्णता सोसणाऱ्या फोमच्या पट्ट्या लावल्या. एवढ्यावर गाडी पुन्हा त्याच रस्त्याने नेली तेव्हा पसरणीच्या वरच्या वळणांवरचा आकडा ६८ वरून ६१ पर्यंत आला होता. हा सगळा खर्च काही हजार रुपयांचा होता, आणि संपूर्ण प्रकरणात रुपयामागे सर्वांत जास्त अंश याच टप्प्यावर उतरले. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे तरी पाहून घ्यावे.

तिथेच थांबता आले असते. थांबलो नाही याचे कारण निम्मे गरजेचे आणि निम्मे हौसेचे होते.

परदेशातून तयार मोठा इंटरकूलर मागवण्याचा पर्याय होता. किंमत, वाहतूक आणि आयात शुल्क मिळून तो बराच महाग पडत होता. मेकॅनिकने भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारागिराचे नाव सुचवले. त्यांचा मूळ धंदा कारखान्यांतल्या एअर कंप्रेसरचे कूलर दुरुस्त करण्याचा आणि बनवण्याचा. कारखान्यातला कंप्रेसर हवा टप्प्याटप्प्याने दाबतो आणि दोन टप्प्यांच्या मधे तिला थंड करतो. गाडीतला प्रकार त्याचाच धाकटा भाऊ असल्याने त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. उलट त्यांनीच मला प्रश्न विचारले: हवेचा दाब किती, ती किती वेगाने येते, आणि पुढे-मागे जागा किती सापडते. मी ठरवून गेलो होतो की जितकी जाड जाळी बसेल तितकी बसवायची. ते म्हणाले, "साहेब, जाड करू हो, पण मागच्या रेडिएटरला वारा कुठून देणार?"

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जाळी जाड केली की तिच्या मागच्या बाजूला पोहोचेपर्यंत वारा तापलेला असतो, त्यामुळे शेवटच्या काही मिलिमीटरांचा उपयोग झपाट्याने कमी होतो; शिवाय मागच्या रेडिएटरला कमी आणि अधिक गरम वारा मिळून इंजिनाचेच तापमान चढण्याचा धोका असतो. आतल्या बाजूचाही विचार होता. आतल्या नळ्या अरुंद आणि दाट केल्या तर हवा चांगली थंड होते, पण तिथून जाताना तिचा दाब कमी होतो, आणि तो भरून काढायला टर्बोला अधिक कष्ट करावे लागून हवा पुन्हा अधिक तापते. चांगला इंटरकूलर म्हणजे उष्णता काढणे आणि दाब टिकवणे यांतली तडजोड असते, आणि आकाराने सर्वांत मोठा तो सर्वांत चांगला, असे समीकरण त्यात बसत नाही. शेवटी मूळ जाळीच्या साधारण दीडपट जाडीची, लांबी-रुंदी जवळपास तीच ठेवलेली जाळी ठरली. मूळ इंटरकूलरला दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या होत्या. नव्याला अॅल्युमिनियमच्या टाक्या आर्गॉन वेल्डिंगने जोडायच्या होत्या. हवा जिथून आत येते तिथे त्यांनी टाकीला आतून तिरका पत्रा दिला, म्हणजे हवा समोरच्या दोन-चार नळ्यांतच न घुसता सगळ्या नळ्यांत सारखी विभागली जाते. नमुन्याला मूळ जाळी त्यांच्याकडे देणे भाग होते, त्यामुळे तेवढे दिवस गाडी मेकॅनिकच्या शेडमध्ये बंपराविना उभी राहिली आणि मी कंपनीच्या बसने कामावर गेलो.

बसवण्याच्या कामात मी हाताखाली होतो. या रचनेत एसीचा गॅस न काढताही काम करता येते. कंडेन्सरच्या नळ्या थोड्या लवचिक असतात, त्यामुळे तो पुढे ओढून पट्ट्याने बांधून ठेवता येतो. घाई केली तर मात्र त्या नळीला मोड बसते आणि इंटरकूलरच्या कामात एसीचे काम निघते. रेडिएटर धरून ठेवणारा पुढचा साचा लांब बोल्टच्या आधाराने काही सेंटिमीटर पुढे सरकवून घेतला, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे (टॉर्क्स) स्क्रू काढले आणि नवी जाळी खालून वर चढवली. जुन्या पाइपांमध्ये तेलाचा पातळ थर होता. ते पाहून मी टर्बो गेला की काय म्हणून हबकलो होतो, पण क्रॅंककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, तेलकट वाफ इनटेकमध्ये परत सोडली जात असल्याने थोडे तेल तिथे साचतेच. ते पुसून पाइपांची रबरी सीले नवी घातली. जुनी सीले दाबून दाबून चपटी होतात आणि पुन्हा वापरली तर हमखास फुसफुसतात.

त्यानंतर गळतीची तपासणी. टर्बोच्या बाजूने पाइप बंद करून कंप्रेसरची हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारले. एका वेल्डिंगच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले, म्हणून जाळी पुन्हा उतरवून भोसरीला नेली. कारागिराने तो कोपरा घासून परत वेल्ड केला आणि या वेळी स्वतः पाण्याच्या टाकीत बुडवून दाबाखाली तपासून दिला. ही चाचणी न करता गाडी बाहेर काढली असती तर टर्बोने दाबलेली थोडी हवा सतत वाया गेली असती, टर्बो ती भरून काढायला जादा फिरला असता, आणि मी नव्या जाळीला नावे ठेवत बसलो असतो.

आता आकडे. पुढच्या उन्हाळ्यात, बाहेर जवळपास तेच तापमान, तीच माणसे आणि एसी चालू, अशा स्थितीत पसरणीच्या वरच्या वळणांवर मॅनिफोल्डचे तापमान ५३ अंशांवर राहिले. ६८ वरून ५३ म्हणजे त्याच दाबाला हवेची घनता साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढली. ठिणगीची माघार एक-दोन अंशांवर आली आणि अधूनमधून शून्यही दिसू लागली. तोच टॉर्क गाठण्यासाठी ईसीयू टर्बोकडून मागत असलेला दाबही थोडा कमी झाल्याचे नोंदीत दिसते, आणि मला या सगळ्या आकड्यांत तोच सर्वांत समाधान देणारा वाटला.

ताकदीचे म्हणाल तर मी गाडी डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरही नेली, जाळी बदलण्यापूर्वी आणि नंतर. डायनोवरच्या पहिल्या फेरीत इंटरकूलर थंड असतो, आणि त्या पहिल्या फेरीत जुन्या व नव्या जाळीतला फरक यंत्राच्या मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीच्या आतच होता. इथेच जाहिरातीतली अश्वशक्ती निकालात निघते. खरा फरक सलग फेऱ्यांत दिसला. जुन्या जाळीवर प्रत्येक फेरीला आलेखाचा वरचा भाग खाली सरकत गेला आणि शेवटच्या फेरीत चाकांवरची ताकद पहिल्या फेरीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरली. नव्या जाळीवर ती घसरण २ टक्क्यांच्या आत राहिली. डायनोच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. बहुतेक यंत्रे खोलीचे तापमान आणि हवेचा दाब पाहून आकडा प्रमाणित स्थितीला आणून दाखवतात. टर्बो इंजिन स्वतःच दाब सांभाळत असल्यामुळे ही दुरुस्ती त्याला नेहमी लागू पडत नाही, आणि पुण्यासारख्या सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणी उन्हाळ्यात ती आकडा फुगवून दाखवू शकते. म्हणून मी दुरुस्तीविना आलेले आकडेच घेतले.

सगळेच सुधारले असे मात्र झाले नाही. पुण्याच्या चांदणी चौकात संध्याकाळी अर्धा तास अडकून पडलो की मॅनिफोल्डचे तापमान आजही ६५ च्या वर जाते, कारण वारा नसेल तर कोणतीही जाळी मागच्या रेडिएटरच्या झळेने शेकत राहते. जाड आणि जड जाळी तापायला जास्त वेळ घेते, पण एकदा तापली की निवायलाही जास्त वेळ घेते. कोंडीतून सुटल्यावर पहिले एक-दोन किलोमीटर जुनी जाळीच बरी होती, असेही नोंदी सांगतात. इंजिनाच्या पाण्याच्या तापमानावर मी उन्हाळाभर लक्ष ठेवले. ते नेहमीच्या पातळीवरच राहिले, म्हणजे जाडीबाबत कारागिराने घातलेला लगाम योग्य होता.

कायद्याची बाजू मी काम सुरू करण्यापूर्वीच पाहून घेतली होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. इंटरकूलरमुळे इंजिनाची क्षमता, इंधन, आसने, रंग असे नोंदणीपत्रातले काहीच बदलत नाही. तरीही विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना दिली आणि त्यांच्याकडून पोच घेऊन ती पॉलिसीच्या फायलीत लावली, कारण उद्या समोरून धडक बसली तर सर्वेक्षकाला सर्वांत आधी दिसणारी वस्तू तीच असेल. गाडीची वॉरंटी केव्हाच संपली होती. ती चालू असती तर मी सफाई आणि प्लास्टिकच्या भिंतीवरच थांबलो असतो.

मायलेजचे अनेकजण विचारतात. महामार्गावर त्यात मोजण्याजोगा फरक नाही, कारण तिथे इंटरकूलरवर मुळातच ताण नसतो. घाटाच्या प्रवासात थोडी सुधारणा जाणवते, पण ती ड्रायव्हरच्या उजव्या पायाच्या हिशेबात बुडून जाण्याइतकी किरकोळ आहे. पेट्रोलबाबत मात्र एक निर्णय बदलला. पूर्वी उन्हाळ्यात घाटाच्या प्रवासाआधी मी मुद्दाम ९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरत असे. त्याने नॉकिंगची माघार कमी व्हायची, पण हवेचे तापमान अर्थातच तेवढेच राहायचे. आता साध्या पेट्रोलवर ठिणगी जवळपास तेवढीच पुढे राहते, त्यामुळे तो जादा खर्च बंद केला. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी बंपर उतरवून जाळ्यांमधली फट मागून धुवून घेणे आणि फोमच्या पट्ट्या सुटल्या असतील तर बदलणे, एवढे एक काम वाढले आहे, आणि मेकॅनिक ते एसीच्या सर्व्हिसिंगबरोबरच उरकून देतो.